वहिनींनी टोपी घातली

एफ.वाय.ला मी इंग्रजीत नापास झाले आणि वडिलांनी चकार शब्द न काढता मला शरणपूरच्या बाईंकडं शिकवणीला घातलं. काही न बोलणं हीच त्यांची रागवायची पद्धत होती. ते सरकारी कचेरीत कारकून होते. नाशिकरोडच्या कॉलनीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आणि आमच्या घरातलं कुणी कॉलेजात जाण्याची ती पहिलीच वेळ असल्यामुळं माझं नापास होणं सगळ्या कॉलनीला माहीत होतं.

शरणपूरच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. मराठी ख्रिस्ती, सत्तरीला टेकलेल्या, लग्न न केलेल्या. नऊवारी सोडून पाचवारी नेसायला लागल्यापासून पायात कॅनव्हासचे बूट घालायच्या, म्हणजे दोन्हींचं काही जमत नसे, पण त्यांना पर्वा नव्हती. माझा निबंध त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुला चित्रं आवडतात का?"

मी हो म्हणाले. निबंधाविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत, त्यावरून काय समजायचं ते मी समजले.

देवळाली कॅम्पातला एक जुना बंगला रिकामा झाला तेव्हा बाईंनी तिथलं एक कपाट घरी आणलं होतं. त्याच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली, चित्रांचा गठ्ठा निघाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विलायती मासिकांतली पानं. प्रत्येक पानावर दोन-तीन बायका बागेत नाहीतर दिवाणखान्यात उभ्या. पायघोळ झगे, मुठीत मावेल एवढी कंबर, आणि एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या वेगवेगळ्या दिशांना बघणाऱ्या. नवीन फॅशन काय निघाली ते घरबसल्या कळावं म्हणून ही चित्रं छापत. बाईंनी मला रोज एक चित्र द्यायचं आणि मी त्यावर इंग्रजीत दहा वाक्यं लिहायची, असं ठरलं.

पहिल्या चित्रावर मी लिहिलं की ही बाई आहे, ही उभी आहे, ही सुंदर आहे. चौथं वाक्य सुचेना.

"तू तोंडाकडं बघतेयस," बाई म्हणाल्या. "तोंड सगळ्यांना एकच दिलंय. चित्रकाराला दुसरं येत नसणार. डोक्यावर काय आहे ते वाच."

आणि त्यांनी मला टोप्या वाचायला शिकवल्या. मागून डोकं झाकणारी, कानांवरून पुढं येणारी आणि हनुवटीखाली रिबिनीनं बांधलेली असते ती बॉनेट. भेटीगाठींना जायचं, चर्चला जायचं, तर बॉनेट. डोक्यावर नुसती ठेवलेली ती हॅट. ती तरुण पोरींनी समुद्रावर फिरायला घातली तर ठीक, पण त्याच हॅटमध्ये कुणाकडं दुपारी बसायला गेली तर घरोघरी चर्चा. घरात लेसची छोटी टोपी दिसली की बाई लग्न झालेली. संध्याकाळच्या जेवणाला टोपीच नाही, केसांत फुलं नाहीतर पीस. काळी बॉनेट आणि मागं लांब काळं कापड, तर नवरा गेलेला. आणि डोक्यावर पेंढा भरलेला अख्खा पक्षी पंख पसरून बसला असेल, तर नवऱ्याचं उत्पन्न चांगलं आणि शेजारणीचं त्याहून थोडं कमी.

"आणि लग्नच केलं नाही तर?" मी विचारलं.

"एका वयानंतर तिनंही लेसची टोपी घालायची. म्हणजे लोकांनी समजायचं की आता इकडं स्थळं आणू नका."

मी त्यांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं असणार.

"माझ्याकडं तशी टोपी नव्हती," बाई म्हणाल्या. "त्यामुळं लोक पन्नाशीपर्यंत स्थळं आणत राहिले."

एका चित्रात बॉनेटच्या लाल रिबिनीचा रंग बाईच्या हनुवटीवर ओघळला होता. ही चित्रं हातानं रंगवत, बाईंनी सांगितलं. टेबलाभोवती मुली बसायच्या, एकीनं लाल लावायचा, दुसरीनं निळा, आणि पान पुढं सरकवायचं. "लाल लावणारीला भूक लागली असेल," त्या लाल डागावर बोट ठेवून बाई म्हणाल्या. "यावर पाच वाक्यं लिही." त्या पाच वाक्यांत मी पहिल्यांदा इंग्रजीत काहीतरी बोलले असं मला वाटलं.

पण त्याचा परिणाम असा झाला की मला माणसं दिसेनात, नुसती डोकी दिसायला लागली. शिकवणीहून येताना स्टँडवर उभी राहिले की सायखेड्याच्या एसटीतून उतरणाऱ्या बायका मी वाचायचे. गाडीच्या पायरीवर पदर कपाळापर्यंत. स्टँडच्या फाटकाशी पोचेपर्यंत तो डोक्याच्या मध्यावर. रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या की खांद्यावर. परतताना हाच क्रम उलटा. शंभर पावलांत गावची बाई शहरातली व्हायची, आणि कुणी कुणाला काही शिकवलेलं नसायचं.

मग मी वही केली. शंभर पानी, रेघांची. मागच्या पानापासून मी आमच्या कॉलनीतल्या बायकांची चित्रं काढायला लागले, विलायती टोप्या घालून. चेहरे मलाही जमत नव्हते, म्हणून सगळ्यांना एकच तोंड दिलं. ओळख पटवायची ती टोपीनं.

महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे हेडक्लार्कची बायको. त्यांनी नियम मोडून क्वार्टरच्या मागं कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांच्या हॅटवर मी जिवंत कोंबडी बसवली, खाली चार अंड्यांसह. समोरच्या काकू दिवसभर खिडकीत असायच्या. त्यांना मी खोल बॉनेट दिली, घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात तशी, पण एका बाजूला छोटी खिडकी काढून तिला पडदा लावला. आणि तळमजल्यावरच्या वहिनी.

या वहिनींचा नवरा वर्कशॉपमध्ये फिटर होता. सासू विंचूरकडची, शेतकरी घरातली, आवाज मोठा. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मावशींच्या घरात सुनेनं पदर असा घ्यायचा की चार वर्षांत कॉलनीनं वहिनींची हनुवटी आणि नाकाचा शेंडा एवढंच बघितलं होतं. नळावर, दुधाच्या केंद्रावर, सगळीकडं एक पदर यायचा आणि जायचा. वहिनींच्या चित्रात मी बॉनेटची रिबीन पानाबाहेर नेली. पुढच्या पानावर एक मूठ होती आणि त्या मुठीत रिबिनीचं टोक होतं.

ही वही मी कुणालाही दाखवणार नव्हते. पण महिला मंडळाची इतिवृत्ताची वही संपली, अध्यक्षबाई आमच्या दारात आल्या, आणि आईनं माझ्या टेबलावरची वही उचलून दिली. पुढून वही कोरीच होती.

गुरुवारी दुपारी मंडळाची सभा होती. मी शिकवणीहून घरी पोचते तोच एक बाई बोलवायला आली. "तुला सभागृहात बोलावलंय," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

सभागृहात सतरंजीवर पंधरा-वीस जणी होत्या आणि माझी वही हातोहात फिरत होती. गंमत अशी की प्रत्येकीनं बाकीच्यांना पहिल्या नजरेत ओळखलं होतं, फक्त स्वतःला सोडून. स्वतःचं चित्र शेजारणीनं दाखवून द्यावं लागत होतं, आणि शेजारणी ते आनंदानं करत होत्या. आई कोपऱ्यात भिंतीकडं बघत बसली होती.

"हे काय आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"इंग्रजीच्या शिकवणीचं आहे, काकू."

"इंग्रजीत डोक्यावर कोंबडी असते?"

"पक्षी असतात. मोठ्या घरच्या बायकांच्याच टोपीवर असतात."

"मोठ्या घरच्या म्हणजे?"

"साहेबांच्या बायका."

त्यांनी वही जवळ घेऊन पुन्हा बघितलं. "अंडी कशाला काढलीस?"

"भरभराट असते ती," मी म्हणाले. आयुष्यात इतक्या पटकन मी कुठल्याच परीक्षेत उत्तर दिलं नाही.

अध्यक्षबाईंनी वही सगळ्यांना दिसेल अशी धरली. "सगळ्यांत मोठी माझीच आहे," त्या म्हणाल्या. झालं. आता कुणाचीच तक्रार चित्र काढल्याची राहिली नाही, आपली टोपी लहान का, एवढीच राहिली. समोरच्या काकूंना तर खिडकी फार आवडली. उन्हाळ्यात हवा येईल, असं त्या म्हणाल्या. मी सुटले असं वाटत असतानाच वही मावशींकडं गेली.

मावशींनी वहिनींचं चित्र बघितलं, पान उलटलं, मूठ बघितली. परत मागं आल्या. परत पुढं गेल्या.

"ह्यो हात कोनाचा?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मावशींच्या मागून, पदराच्या आतून आवाज आला.

"माझ्या आईचा असंल, आत्याबाई. सासरी धाडताना सोडवत नव्हतं तिला."

मावशींनी मान हलवली. "हां, लय रडली व्हती तुझी आय," म्हणाल्या आणि वही पुढं दिली. मी पदराकडं बघितलं. हनुवटी हलत होती. वहिनी हसत होत्या. चार वर्षांत मला त्या पदरात कुणी हुशार माणूस असेल असं कधी वाटलंच नव्हतं, याची मला तिथं बसल्या-बसल्या लाज वाटली.

सभेचा शेवट असा झाला की संक्रांतीच्या स्नेहसंमेलनात या वर्षी टोप्यांचा कार्यक्रम ठरला. प्रत्येकीनं घरच्या सामानातून आपली विलायती टोपी करायची आणि शरणपूरच्या बाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून आणायचं. पुढचे दोन आठवडे कॉलनीत चाळण्या, दुरड्या, पुठ्ठे आणि जुन्या साड्यांच्या काठांना कधी नव्हे ती किंमत आली. लासलगावचं माहेर असलेल्या एकीनं कांद्याच्या माळेची हॅट केली आणि रोज थोडी-थोडी खाऊन टाकली.

वहिनी एका दुपारी मागच्या दारानं आमच्याकडं आल्या. "ती खरी चित्रं बघाया मिळतील का?" त्यांनी विचारलं. बाईंनी एक बॉनेटचं चित्र बटर पेपरात गुंडाळून माझ्याबरोबर दिलं. वहिनींनी ते जमिनीवर ठेवलं, पदर वर केला आणि अर्धा तास त्याकडं बघत राहिल्या. बोटांनी वीत मोजली. मग नवऱ्याची फाटकी खाकी पँट, परकराची लेस आणि बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा एवढ्यातून, हातशिलाईनं, त्यांनी जी बॉनेट केली ती हुबेहूब होती. भाताच्या पेजेची खळ देऊन कडक केलेली. शिवण कुठं आहे ते आईला चष्मा लावूनही सापडलं नाही.

संमेलनाच्या दिवशी बाई बसनं आल्या. डोक्यावर त्यांच्या वडिलांची करडी फेल्ट हॅट. मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "घोड्यावर बसणाऱ्या बायका पुरुषांसारखी हॅट घालायच्या. मी घोड्यावर बसले नाही, पण ते काय कुणाला माहीत."

एकेकीनं टोपी घालून पुढं यायचं आणि बाई तिचा अर्थ सांगायच्या. कोंबडीची हॅट बघून त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या की ही सर्वोच्च दर्जाची आहे, विलायतेतसुद्धा अशी कुणी बघितली नसेल. मग वहिनींची पाळी आली आणि अडलं. पदरावर बॉनेट बसेना.

"पदर काढायचा नाय," मावशी म्हणाल्या.

"पदरावर टोपी बसत नाय, आत्याबाई. अन् टोपीनं डोकं झाकतंच की."

मावशींनी बाईंकडं बघितलं. बाई वयानं मोठ्या, डोक्यावर पुरुषाची हॅट, म्हणजे अधिकारी माणूस.

"बॉनेट हे सभ्य बाईचं लक्षण," बाई म्हणाल्या. "तिच्याशिवाय बाहेर पडली तर लोक नावं ठेवायचे."

"म्हंजे पदरच की त्यो."

"पदरच. फक्त पुढं दिसतं."

मावशींनी हात हलवून परवानगी दिली. वहिनींनी पदर खांद्यावर घेतला, बॉनेट चढवली आणि हनुवटीखाली गाठ मारली. आम्ही सगळ्या बघत राहिलो. साधाच चेहरा होता. गालावर देवीचा एक वण, पुढच्या दोन दातांत फट, आणि डोळे असे की आता काहीतरी खोडी होणार. पहिला नंबर त्यांनाच मिळाला. अध्यक्षबाईंना ते लागलं, पण कोंबडीला सर्वोच्च दर्जा मिळालेला असल्यामुळं त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दुधाच्या केंद्रावर बॉनेट घालून आल्या.

आम्हाला वाटलं, कालची हौस आहे. तिसऱ्या दिवशीही आल्या. नळावर बॉनेट, किराणा दुकानात बॉनेट, गच्चीत कपडे वाळत घालताना बॉनेट. लोक वळून बघत, हसत, आणि वहिनी मान ताठ ठेवून जात. घरातलं बोलणं तळमजल्याच्या खिडकीतून सगळ्यांना ऐकू येत होतं.

"ते काढ आता."

"डोकं उघडं पडंल, आत्याबाई."

"मग पदर घी."

"हातात बरणी असली की पदर सरकतोय. टोपीला गाठ हाय."

"लोक हसत्यात."

"डोकं झाकल्यावर कशाला हसतील?"

नियम त्यांचाच होता आणि सून तो तंतोतंत पाळत होती. आठव्या दिवशी विंचूरहून मावशींचे भाऊ आले. वहिनींनी बॉनेट घालून चहा आणला, वाकून नमस्कार केला. भाऊ बराच वेळ बघत राहिले आणि बहिणीला हळूच म्हणाले, "सूनबाईचे कान दुखत्यात का?"

भाऊ गेल्यावर मावशी थेट आमच्या दारात आल्या. माझ्या वहीनं सुरुवात झाली म्हणून माझ्याच घरानं निस्तरावं, असं त्यांचं म्हणणं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले, पण पान उलटलं नाही.

आईनं त्यांना बसायला दिलं. आई कधीच डोक्यावर पदर घेत नसे. मावशींनी तोच विषय काढला. "तुमचं काय, तुमाला चालतं," असं त्या म्हणाल्या.

"चालत नव्हतं, मावशी," आई म्हणाली. "आम्ही बौद्ध झालो त्याच्या आधीचं सांगते. माझ्या आईला वरच्या आळीतून जायचं झालं तर पदर कसा घ्यायचा, चपला कुठं काढायच्या, हे आमच्या घरात ठरत नव्हतं. दुसरेच सांगायचे, आणि ती तसंच करायची. इथं क्वार्टर मिळालं त्या दिवशी मी पदर खांद्यावर घेतला. म्हटलं, आता माझ्या डोक्याचं मी बघीन."

आईनं चहा टाकला. आमच्याकडं मावशी याआधी कधी चहाला थांबल्या नव्हत्या. नेहमी आत्ताच घेतला, म्हणायच्या. त्या दिवशी आईनं कप पुढं ठेवला. मावशींनी तो बघितला, मग उचलला, बशीत ओतला आणि सगळा प्यायल्या.

"पर लोक काय म्हनतील?" त्यांनी बशी खाली ठेवत विचारलं.

"आत्ता काय म्हणतात?" आईनं विचारलं.

मावशी गेल्यावर आई आत आली. माझी वही मंडळाकडून परत आली होती, ती तिनं उघडली. "सगळ्यांना टोप्या काढल्यास. मला का नाही?"

तिला कुठली टोपी काढावी ते मला कळलं नव्हतं, हे मी खरंखरं सांगितलं. त्या चित्रांत रस्त्यावर उघड्या डोक्यानं फिरणारी बाई म्हणजे गरीब, नाहीतर मोलकरीण. घरात, संध्याकाळच्या जेवणाला उघडं डोकं असलं तर गोष्ट वेगळी.

"मग घरात काढ," आई म्हणाली. "मागं आपला स्टोव्ह पण काढ. नवीन आहे."

मी ते चित्र काढलं. तोंड या वेळी वेगळं काढायचा प्रयत्न केला आणि ते फारच वाईट आलं. आईनं तरीही पान फाडून ट्रंकेत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरून मावशींचा आवाज आला. "टोपी पेटीत ठिव. पदर खांद्यावर घे. पर सणाला डोक्यावर पाहिजे."

"सणाला, अन् मामा आले की," वहिनी म्हणाल्या. भाव करताना दुकानदाराला थोडं जास्त द्यावं, तसं.

"अन् मामा आल्यावर," मावशी म्हणाल्या, आणि मिटलं.

मी इंग्रजीत पास झाले, पण काठावर. बाई म्हणाल्या, परीक्षेत टोप्यांवर प्रश्न यायला हवा होता. वहिनींच्या हातची शिलाई सगळ्यांनी बघितली होती, त्यामुळं अध्यक्षबाईंनी मंडळाच्या शिवणवर्गात त्यांना शिकवायला बसवलं. पुढं त्यांच्या नवऱ्याला ओझरला नोकरी लागली आणि ते कुटुंब तिकडं गेलं.

ऐंशी साल उलटून गेल्यावर, माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी ओझरला गेले. वहिनी शेजारच्या बाईचा ब्लाऊज मशीनवर घालून बसल्या होत्या, मोकळ्या डोक्यानं, तोंडात टाचण्या. मावशी ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ टेकले आणि कसं चाललंय विचारलं.

"बरं हाय," मावशी म्हणाल्या. मग आत मशीनकडं बघून आवाज खाली आणला. "पदर व्हता तवा हिच्या मनात काय हाय ते कळत नव्हतं. आता तोंडावर दिसतंय. मी काय बोलले की हसती, नायतर डोळे वटारती. लय तरास हाय बघ."

शेंगांची पाटी त्यांनी माझ्याकडं सरकवली. "निवड जरा," म्हणाल्या, "अन् जेवूनच जा. तिनं सांगितलंय."